पहिले तीन दिवस, पुढची तीन वर्षं

वसमत तालुक्यातलं हट्टा हे गाव परभणीहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बाहेरच्यांना ते जुन्या बारवेमुळे माहीत असतं. शिवारात हळद आणि ऊस. तोडणीचा हंगाम सुरू झाला की या भागात रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या चालतात. मागे ना दिवा ना लाल पट्टी असलेली ट्रॉली अंधारात दुचाकीस्वाराला दिसते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. डोक्याला मार लागलेला तो माणूस १०८च्या गाडीत चढवला जातो. २०१४ साली ९३७ गाड्यांची ही सेवा राज्यात सुरू झाली, त्याआधी अशा माणसाला जीपच्या मागच्या बाकावर मांडीवर डोकं धरून न्यायचे. वसमतला प्राथमिक उपचार होतात आणि पुढे बहुतेकदा नांदेडचं विष्णुपुरी, म्हणजे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय.

पहाटे तोंड वाकडं होऊन एक बाजू लुळी पडलेला म्हातारा आणि तापात झटके येऊन शुद्ध हरपलेलं लेकरू, हेही याच वाटेने जातात. आजार तीन, पण तिघांपुढेही सारखेच दोन टप्पे येऊ शकतात. आधी कवटीच्या आत मेंदू सुजतो. त्यातून माणूस वाचला तर काही आठवड्यांनी हातपाय आखडू लागतात. पहिल्या टप्प्यातली औषधं शिरेतून जातात, वॉर्डात, तासातासाला नोंद करणाऱ्या सिस्टरच्या नजरेखाली. दुसऱ्या टप्प्यातल्या गोळ्या घरी मिळतात, पत्र्याच्या डब्यातून, बायकोच्या नाहीतर सुनेच्या हातून. दुसऱ्या टप्प्यातला धोका पहिल्याहून फार लहान नाही, हे मला इथे सांगायचं आहे. त्याच्यावर पहारा नसतो, म्हणून तो लहान वाटतो.

आधी सूज.

मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही. तिच्या आत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूभोवतीचं पाणी असतं. यातलं एक वाढलं की उरलेल्या दोघांना जागा सोडावी लागते. एडिनबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३मध्ये आणि लीथच्या जॉर्ज केली यांनी १८२४मध्ये हा विचार मांडला, आणि अतिदक्षता विभागातलं सगळं गणित आजही त्यावरच चालतं. सूज चढू लागते तेव्हा पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर पडतं. तोवर रुग्ण बोलतो, प्यायला मागतो, नातेवाइकांना वाटतं निभावलं. जागा संपली की मग चमचाभर सूजही दाब झपाट्याने चढवते. झोपलेल्या निरोगी माणसात हा दाब पाऱ्याच्या ५ ते १५ मिलिमीटरइतका असतो. तो २२च्या वर टिकून राहिला तर उतरवायलाच हवा. मेंदूला रक्त ज्या जोराने मिळतं तो जोर म्हणजे शरीराचा सरासरी रक्तदाब वजा कवटीतला दाब. त्यामुळे बीपी पडलं तरी मेंदू उपाशी आणि कवटीतला दाब चढला तरी उपाशी. डोक्याच्या रुग्णाचं बीपी कमी दाखवू लागलं की सिस्टर लगेच डॉक्टरला का बोलावते, ते या वजाबाकीत आहे.

मेंदूची सूज एकाच जातीची नसते. इगोर क्लाट्झो यांनी १९६७मध्ये तिची दोन प्रकारांत फोड केली. एका प्रकारात रक्तवाहिन्यांच्या भिंती गळू लागतात आणि रक्तातलं पाणी मेंदूच्या पेशींमधल्या फटींत झिरपतं. गाठीभोवतीची सूज या प्रकारची. दुसऱ्यात रक्त किंवा प्राणवायू न मिळाल्याने पेशींचे पंप बंद पडतात आणि पेशीच आतून फुगतात. लकव्यातली सुरुवातीची सूज या जातीची. डोक्याच्या मारात दोन्ही एकत्र असतात. ही फोड पुस्तकी वाटते, पण कोणतं औषध कुणाला चालेल ते तिच्यावरून ठरतं.

सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध मॅनिटॉल. ते साखरेच्या कुळातलं आहे, पण शरीर त्याचा इंधन म्हणून वापर करत नाही, मूत्रपिंडांतून जसंच्या तसं बाहेर टाकतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते सहजी ओलांडत नाही. रक्तात त्याचं प्रमाण वाढलं की मेंदूतलं पाणी रक्ताकडे ओढलं जातं. १९१९मध्ये बाल्टिमोरच्या वीड आणि मॅककिबन यांनी मांजरांच्या शिरेत तीव्र मिठाचं पाणी सोडलं आणि त्यांचे मेंदू आकसलेले पाहिले, तिथून ही कल्पना निघाली. १९५०च्या दशकात युरिया वापरून झाला आणि १९६०च्या सुरुवातीला मॅनिटॉलने त्याची जागा घेतली. मिठाचं पाणी मात्र पुन्हा परतलं आहे. ३ टक्क्यांचं सलाईन आज अनेक ठिकाणी मॅनिटॉलच्या बरोबरीने वापरतात, विशेषतः बीपी आधीच कमी असेल तेव्हा.

मॅनिटॉलचं सगळं नर्सिंग त्याच्या बाटलीपासूनच सुरू होतं. २० टक्के द्रावण म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये २० ग्रॅम. डोस वजनाप्रमाणे, किलोला पाव ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत. साठ किलोच्या माणसाला किलोमागे अर्धा ग्रॅम द्यायचा तर ३० ग्रॅम, म्हणजे १५० मिलिलिटर, आणि तेही पंधरा ते तीस मिनिटांत. इतर सलाईनसारखं थेंबथेंब चार तास चालवलं तर त्याची ओढच तयार होत नाही. इतक्या दाट द्रावणात मॅनिटॉल गारव्याने खडे धरतं. परभणीत थंडीच्या काही रात्री पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, आणि अशा रात्री भांडाराच्या खोलीतून आणलेल्या बाटलीच्या तळाशी साखरेसारखे स्फटिक बसलेले असू शकतात. बाटली उजेडात धरून पाहायची, खडे असतील तर कोमट पाण्यात ठेवून हलवून विरघळवायची, अंगाच्या तापमानाला येऊ द्यायची आणि गाळणी असलेल्या सेटनेच लावायची. खडे विरघळले नाहीत तर ती बाटली बाद. रक्ताच्या पिशवीच्या सेटमधून मॅनिटॉल सोडत नाहीत. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडी जळाल्यासारखी मरते, म्हणून दर थोड्या वेळाने हात चाचपायचा.

औषध चालू झालं की पहिल्यांदा रक्तात पाणी येतं, मग लघवीचा लोंढा सुटतो. ज्याचं हृदय आधीच थकलेलं आहे त्याची फुप्फुसं या पहिल्या पाण्याने भरू शकतात. ज्याची लघवीच बंद आहे त्याला मॅनिटॉल देणं म्हणजे ते रक्तात कोंडून ठेवणं. म्हणून लघवीची नळी आधी, औषध नंतर. पुढे मोजमाप: तासाला किती लघवी, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन. रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण (ऑस्मोलॅलिटी) ३२०च्या वर गेलं तर मूत्रपिंडांना धोका, ही अनेक वॉर्डांत पाळली जाणारी मर्यादा. फार दिवस देत राहिलं तर जिथे पडदा फाटलेला आहे तिथून मॅनिटॉल स्वतःच मेंदूत शिरतं आणि पाण्यालाही सोबत नेतं, मग सूज उलटते. मॅनिटॉल आजार बरा करत नाही. ते काही तास विकत घेतं, ज्यात स्कॅन करता येतं, रक्ताची गाठ काढता येते, न्यूरोसर्जनपर्यंत पोचता येतं. त्या तासांत पुढचं काही होणारच नसेल तर बाटलीमागून बाटली लावत राहण्याला फारसा अर्थ उरत नाही. हे नातेवाइकांना सांगायला सगळेच कचरतात.

आता स्टिरॉईड. डेक्सामेथासोनने मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज उतरते, हे मिनेसोटाच्या गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी १९६१मध्ये दाखवलं, आणि अर्धवट शुद्धीतले रुग्ण एक-दोन दिवसांत उठून बसलेले पाहून साऱ्या जगाला वाटलं, डोक्याच्या मारातही हेच चालेल. चाळीसेक वर्षं ते चाललं. मग क्रॅश नावाची मोठी चाचणी झाली. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ प्रौढांपैकी अर्ध्यांना मिथाइलप्रेडनिसोलोन, अर्ध्यांना बनावट औषध. २००४मध्ये निकाल आला. दोन आठवड्यांत स्टिरॉईडवाल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, बाकीच्यांपैकी १७.९ टक्के. जे औषध जीव वाचवतं अशी सर्वांची खात्री होती ते जीव घेत होतं, आणि मोजल्याशिवाय ते कुणाला कळलं नसतं. गाठ असेल तर डेक्सामेथासोन आजही उत्तम. तेव्हा साखर तपासत राहायची, पोटाला जपायचं, झोप उडू नये म्हणून दिवसाचा शेवटचा डोस उशिरा द्यायचा नाही आणि औषध थांबवायचं ते उतरत्या मात्रेने. अपघाताच्या रुग्णाला ‘डेक्सा का लावलं नाही’ म्हणून सिस्टरशी हुज्जत घालणाऱ्या पाहुण्याला मात्र क्रॅशचे आकडे सांगायला हवेत.

त्याहून मोठी हुज्जत ग्लुकोजवरून होते. आपल्याकडे अंगात ताकद नाही म्हटलं की ग्लुकोजची बाटली लावायची, हा जणू लोकांचा हक्कच. ५ टक्क्यांच्या ग्लुकोजमधली साखर शरीर वापरून टाकतं आणि मागे उरतं नुसतं पाणी. ते पाणी सुजलेल्या मेंदूकडे जातं. मॅनिटॉल एका हाताने काढतं ते आपण दुसऱ्या हाताने परत भरतो. रक्तातली साखर खरोखर घसरली असेल तर ग्लुकोज द्यावंच लागतं. नाहीतर डोक्याच्या रुग्णाला साधं मिठाचं सलाईन. झटक्यांसाठी फेनिटोइन सुरू असेल तर ग्लुकोजचा आणखी एक गुन्हा आहे: त्यात फेनिटोइनचा गाळ होतो. ते मिठाच्या सलाईनमध्येच द्यायचं, आणि प्रौढाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमहून वेगाने नाही, नाहीतर बीपी पडतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो.

काही उपचारांना तर बाटलीही लागत नाही. डोक्याकडची बाजू तीस अंश वर. मान सरळ, कारण ती एका बाजूला कलली की गळ्यातली शीर दबते आणि मेंदूतलं रक्त परतत नाही. श्वासाची नळी बांधलेली पट्टी गळ्याभोवती आवळलेली नको. ताप उतरवायचा. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कारण कुंथलं की दाब चढतो. घशातला कफ ओढताना थोडक्यात आटोपायचं. उशी नीट लावायला येणाऱ्या मावशींनाही हे ठाऊक असेल तर अर्धी लढाई तिथेच होते.

औषध लागू पडतंय की नाही हे कळतं कशावरून? ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४मध्ये शुद्धीची मोजपट्टी दिली: डोळे, बोलणं, हालचाल, मिळून ३ ते १५ गुण. दोन गुणांची घसरण म्हणजे धोक्याची घंटा. सोबत टॉर्चने बाहुल्या. एक बाहुली मोठी झाली आणि उजेडाला आकसेना, तर मेंदू खाली सरकू लागलेला असू शकतो. बीपी चढतंय, नाडी मंदावतेय, श्वास अनियमित, ही त्रयी दिसली तर वेळ मिनिटांत मोजायची. नवख्या माणसाला चढतं बीपी पाहून ते उतरवावंसं वाटतं. इथे ते मेंदूपर्यंत रक्त ढकलायला शरीराने केलेली धडपड असते. रात्री तीन वाजता हा फरक ओळखणारी व्यक्ती बहुधा स्टाफ नर्सच असते, आणि तिच्या वाट्याला एका वेळी किती खाटा आल्या आहेत यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

लेकरांच्या मेंदूज्वराबद्दल महाराष्ट्राचं नाव जगाच्या पुस्तकांत एका विषाणूमुळे आहे. १९६५मध्ये नागपूरकडच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना तो सापडला. तेव्हा तो किरकोळ तापाचा वाटला. २००३मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ दगावली. २०२४मध्ये गुजरातेत पुन्हा उद्रेक झाला. वालुकामाशीच्या चाव्यातून तो पसरतो आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मूल बेशुद्ध होऊ शकतं. विषाणूवर औषध नाही. झटके थांबवणं, श्वास सांभाळणं, ताप आणि सूज उतरवणं, साखर तपासणं, एवढंच हातात. सगळा उपचार जवळजवळ नर्सिंगचाच.

वाचलेला माणूस घरी येतो. सुरुवातीला लुळा पडलेला हात काही आठवड्यांनी ताठ होऊ लागतो आणि घरच्यांना आधी आनंद होतो: जीव आला! कोपर वळतं, मूठ मिटते, टाच खाली टेकत नाही. हा जीव नसतो. स्नायू ताणला की तो आपोआप आकसतो, ही मज्जारज्जूची मूळ सवय. मेंदू वरून तिला सतत आवरून धरत असतो. मेंदूतला तो मार्ग तुटला की कासरा सुटलेल्या बैलासारखी ती सवय उधळते. जितक्या वेगाने हात ओढाल तितका तो जास्त आखडतो. म्हणून तेल लावून जोरात ओढून सरळ करण्याने नुकसानच होतं. सावकाश, लांब वेळ, रोज, हा व्यायामाचा नियम. किती ताठरपणा आहे हे मोजायला ० ते ४ची एक मोजपट्टी आहे, अॅशवर्थ यांनी १९६४मध्ये बनवलेली, आणि फिजिओथेरपिस्ट बहुधा तिचीच सुधारलेली आवृत्ती वापरतात.

या ताठरपणावरचं मुख्य औषध बॅक्लोफेन. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतले हाइनरिख केबर्ले यांनी १९६२मध्ये ते अपस्मारासाठी बनवलं होतं. झटक्यांवर ते फोल ठरलं, पण काही रुग्णांचे आखडलेले पाय सैल झालेले दिसले. ते मज्जारज्जूतली आवर घालणारी रासायनिक खूण वाढवतं. ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी सुरुवात, दर तीन दिवसांनी थोडं वाढवत, सहसा दिवसाला ८० मिलिग्रॅमच्या आत. जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर द्यायचं म्हणजे मळमळत नाही. व्यायामाच्या तासभर आधी दिलं तर हात त्या वेळी सैल मिळतो. गुंगी येते, त्यामुळे खाटेवरून पडण्याची भीती, आणि ट्रॅक्टर चालवणं तर नकोच. दारू घेतली की गुंगी दुप्पट.

औषध वाढवायची घाई करण्याआधी एक गोष्ट जाणत्या नर्सकडून शिकण्यासारखी आहे. कालपर्यंत बरा असलेला पाय आज अचानक जास्त आखडला तर गोळीकडे नंतर पाहायचं, आधी चादर उचलून बघायचं. ढुंगणावर बेडसोर सुरू झालाय का? लघवीची नळी तुंबलीय का, लघवीत जंतू झालेत का? चार दिवस शौच झालेली नाही का? पायाच्या अंगठ्याचं नख मांसात घुसलंय का, बूट चावतोय का? ज्या वेदना रुग्णाला जाणवत नाहीत त्या मज्जारज्जूला जाणवतात आणि स्नायू तक्रार करतात. कारण सापडलं की निम्मा ताठरपणा गोळीविना उतरतो.

आणि कधी कधी ताठरपणा उतरवायचाच नसतो. अनेक लोक त्या आखडलेल्या पायावरच उभे राहतात. पाय सैल केला तर तो गुडघ्यात मिटतो आणि कालपर्यंत संडासापर्यंत चालत जाणारा माणूस आज उचलून न्यावा लागतो. डोस ठरवताना डॉक्टरला हे कळावं लागतं, आणि ते घरच्यांनीच सांगायचं असतं.

मूत्रपिंडं अधू असलेल्या म्हाताऱ्यात बॅक्लोफेन साठत जातं, कारण त्याचा बहुतेक भाग लघवीतूनच बाहेर पडतो. माणूस बरळतो, झापड लागते, ओळखत नाही. घरचे म्हणतात, दुसरा झटका आला. स्कॅनमध्ये नवं काही दिसत नाही. अशा वेळी पिशवीतल्या गोळ्या बाहेर काढून दाखवल्या तर निदान लवकर होतं.

याच्या उलट संकट गोळी अचानक थांबल्याने येतं. बॅक्लोफेन महिनोन्महिने चालू असेल आणि एकदम बंद झालं, तर आवरून धरलेलं सगळं एका झटक्यात सुटतं: आधीपेक्षा वाईट आखडणं, भास, तापाचा भडका, झटके. बंद का होतं? स्ट्रिप संपली आणि वसमतला जायला कुणी नव्हतं. गुण आला, आता कशाला म्हणून. दुसऱ्याच आजारासाठी दवाखान्यात ठेवलं, तोंडाने काही द्यायचं नाही असा फलक लागला, आणि घरच्या गोळ्यांबद्दल कुणी विचारलंच नाही. शेवटचं कारण शहरातल्या चांगल्या रुग्णालयांतही घडतं. म्हणून डिस्चार्जच्या वेळी सिस्टर ‘काकू, पाकीट संपायच्या आठ दिवस आधी या’ म्हणते तेव्हा ते अगत्यापोटी बोललेलं वाक्य नसतं, औषधोपचाराचाच तो भाग असतो.

इतर औषधं थोडक्यात. डायझेपाम जुनं, १९६३पासूनचं, गुंगी जास्त, सवय लागते. त्याची खरी कसोटी धनुर्वातात लागली, जिथे दार आपटण्याचा आवाजही साऱ्या अंगाला कमानीसारखी आकडी आणतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी अशा रुग्णांसाठी अतिदक्षता उपचार उभे केले आणि १९९४मध्ये धनुर्वातावरचा त्यांचा ग्रंथ ऑक्सफर्डने काढला. भरपूर डायझेपाम, अंधारी शांत खोली, आणि एकाच वेळी गोळा करून केलेली रुग्णाची सगळी कामं, म्हणजे दर थोड्या वेळाने हात लावावा लागू नये. २०१५मध्ये बाळंतिणींचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे तरुण सिस्टरांनी तो पाहिलेलाही नसतो. डॅन्ट्रोलीन थेट स्नायूवर काम करतं, पण यकृताला त्रास देऊ शकतं. बोटुलिनमचं इंजेक्शन ठरावीक स्नायूत दिलं तर साधारण तीन महिने उतार मिळतो, आणि तेवढ्या काळात व्यायाम झाला नाही तर पैसे वाया. पाठीच्या कण्याच्या पाण्यात पंपाने बॅक्लोफेन सोडण्याची युक्ती शिकागोच्या पेन आणि क्रोइन यांनी १९८४मध्ये दाखवली. तिथे डोस मायक्रोग्रॅममध्ये लागतो, पण पंपाचा खर्च गावातल्या घराला झेपणारा नाही.

जन्मतःच मेंदूला इजा झालेल्या मुलांचा ताठरपणा ही वेगळी कहाणी. १९७२मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, आपल्या मुलीला, मालिनी छिब यांना, साध्या शाळांची दारं बंद होती म्हणून. गावपातळीवर आता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात. २०१३मध्ये या कार्यक्रमाची सुरुवात पालघरला झाली होती. सहा महिन्यांचं मूल मूठ उघडत नसेल, पाय कात्रीसारखे अडकत असतील, तर त्या पथकाला दाखवायचं. अशा मुलांना डायझेपामने लाळ वाढते आणि घशात जाते, म्हणून त्यांना काय द्यायचं हे तज्ज्ञानेच ठरवावं.

शेवटी टिझानिडीन. हेही ताठरपणा उतरवतं, बॅक्लोफेनपेक्षा वेगळ्या मार्गाने. तोंड सुकतं, झोप येते, बीपी उतरतं, यकृताची तपासणी करावी लागते. पाठदुखीच्या काही मिश्र गोळ्यांतही ते असतं, त्यामुळे घरात ते दोन नावांनी असू शकतं. खरा घोळ पुढे आहे. लघवीची नळी घातलेल्या रुग्णाला जंतुसंसर्ग होतो. ताप येतो, पाय जास्त आखडतात. घरचा कुणीतरी मेडिकलवर जाऊन ‘लघवीच्या जळजळीची गोळी’ मागतो आणि सिप्रोफ्लोक्सासिन घेऊन येतो. यकृतातला जो विकर टिझानिडीन संपवतो तोच सिप्रो अडवतं. फिनलंडमध्ये निरोगी माणसांवर हे मोजलं आहे: सिप्रोबरोबर टिझानिडीनशी शरीराचा एकूण संपर्क दहापट झाला आणि रक्तातली उच्चतम पातळी सातपट. म्हणजे एक गोळी दिली आणि जवळजवळ दहा गोळ्यांचा भार पडला. बीपी साठ-सत्तरवर येतं, रुग्ण गाढ झोपतो, आणि घरचे म्हणतात आज बिचाऱ्याला जरा स्वस्थ झोप लागली. ज्या मेंदूला नांदेडच्या वॉर्डात बीपी पडू नये म्हणून तीन दिवस जपलं, त्याच मेंदूचं रक्त आता खाटेवर आटतं.

यावर उपाय साधा आहे आणि तो बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर नसतो. कार्डावर ब्रँडच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव मराठीत, मूत्रपिंड आणि यकृत तपासणीची पुढची तारीख, गोळी चुकली तर काय करायचं ते एका ओळीत, स्ट्रिप संपण्याआधी कुणाला फोन करायचा ते, आणि टिझानिडीन चालू असेल तर खाली मोठ्या अक्षरांत: सिप्रो नको. हे कार्ड आशाताईंनाही दाखवायचं आणि मेडिकलवाल्यालाही, प्रत्येक वेळी, ताप साधा असला तरी.